अनियंत्रित राजेशाही आणि विकाऊ पदे : फ्रान्स, १६०४ ते १७१५

मागच्या व्याख्यानात आपण रिशल्यूच्या मृत्यूपर्यंत येऊन थांबलो होतो. आज चौदावा लुई. आपल्या सगळ्यांच्या डोळ्यांसमोर त्याचं ते चित्र असतंच : भलामोठा केसांचा टोप, लाल टाचांचे जोडे, अंगावर निळा झगा. शाळेत आपण 'अनियंत्रित राजेशाही' हा शब्द शिकलो, आणि त्याच्या जोडीला 'राज्य म्हणजे मीच' हे वाक्य. हे वाक्य त्याने १६५५ मध्ये न्यायसभेसमोर उच्चारलं असं सांगतात. पण त्या वेळच्या कुठल्याही नोंदीत ते सापडत नाही. तेव्हा ते बाजूला ठेवू. आज आपल्याला एक साधा प्रश्न विचारायचा आहे : या राजाच्या हाताखाली जे हजारो अधिकारी होते, त्यांना तो नोकरीवरून काढू शकत होता का?

उत्तर आहे, बहुतेकांना नाही. कारण ती पदं त्यांनी विकत घेतलेली होती.

हे नीट समजून घेऊ, कारण सगळी गोम इथेच आहे. न्यायाधीश, खजिनदार, करवसुलीचा अधिकारी, मिठाच्या कोठारावरचा निरीक्षक ही सगळी पदं फ्रान्सचा राजा पैसे घेऊन देत असे. इथे लाच नव्हे, उघड, कायदेशीर विक्री. युद्धाला पैसा हवा, नवा कर लावला तर दंगे होतात, मग नवी पदं निर्माण करा आणि विका. घेणाऱ्याला दरवर्षी थोडंफार वेतन मिळे. म्हणजे एका अर्थी त्याने राजाला कर्जच दिलं आणि वेतन हे त्याचं व्याज. फक्त मुद्दल कधी परत मिळायचं नाही. मात्र पद दुसऱ्याला विकता येई. त्यात एक अडचण होती. पद दुसऱ्याच्या नावे केल्यावर चाळीस दिवसांच्या आत मूळ मालक मेला, तर ते पद राजाकडे परत जाई. त्यामुळे आजारी माणसाच्या उशाशी घरचे लोक दिवस मोजत बसत असणार, याची आपण कल्पना करू शकतो.

१६०४ मध्ये चौथ्या हेन्रीच्या सरकारने ही अडचण दूर केली. पदाच्या किमतीचा साठावा हिस्सा दरवर्षी भरा, मग चाळीस दिवसांची अट नाही. पद तुमच्या मुलाला, जावयाला, कुणालाही द्या. ही वसुली ज्याने प्रथम मक्त्याने घेतली त्याचं नाव पोले, म्हणून या पट्टीला लोक 'पोलेत' म्हणू लागले. राजाच्या तिजोरीत दरवर्षी ठरलेली रक्कम येऊ लागली. सरकारातच याला विरोध होता. चान्सेलर बेलिएव्हर यांचं म्हणणं असं की यामुळे राजा आपले अधिकारी निवडण्याचा हक्क कायमचा घालवून बसेल. ते बरोबर ठरले. पण तिजोरी सांभाळणाऱ्या स्यूलीचं चाललं, आणि पैशापुढे दुसरं काही टिकलं नाही.

१६६५ च्या सुमारास कोलबेरने मोजदाद करवली तेव्हा न्याय आणि वित्त या दोन खात्यांत मिळून सुमारे ४६ हजार विकत घेतलेली पदं निघाली. दीडशे वर्षांपूर्वी ती चार-पाच हजार होती. राज्ययंत्रणा वाढली असं आपण पुस्तकात वाचतो, ती बरीचशी अशी वाढली.

आता याची किंमत कोणी मोजली ते पाहू. फ्रान्समधला मुख्य कर 'ताय'. बऱ्याच प्रांतांत तो माणसावर लागे, आणि सरदार व धर्मगुरू त्यातून मुक्त. वरची पदं घेतली की कालांतराने घराण्याला सरदारकी मिळे, आणि खालच्या पुष्कळ पदांबरोबरही करमाफी येई. बरं, ताय बसवायची पद्धत कशी? माणसामागे अमुक असा दर नाही. वरून आकडा ठरे, तो प्रांतावर, प्रांताचा विभागांवर, आणि शेवटी गावावर येई : या गावाने इतके द्यायचे. गावात वाटणी गावकऱ्यांनीच करायची, वसुलीही त्यांच्यातल्याच कुणीतरी. कमी पडलं तर वसूल करणाऱ्याच्या घरावर जप्ती, प्रसंगी तुरुंग. आता समजा गावातल्या सगळ्यात सधन माणसाने शहरात एक पद घेतलं. तो करमुक्त झाला. गावाचा आकडा मात्र कमी झाला नाही. त्याचा वाटा उरलेल्यांवर पडला. राजाला पद विकल्याचे पैसे मिळाले, माणसाला प्रतिष्ठा मिळाली, आणि ज्यांचा या व्यवहाराशी काडीचाही संबंध नव्हता त्यांनी पुढची कित्येक वर्षं त्याचे हप्ते भरले. आम्हांला वाटतं, दरबारातल्या आरशांपेक्षा हा गावातला हिशोब त्या राज्याबद्दल जास्त सांगतो.

१६३५ मध्ये फ्रान्स तीस वर्षांच्या युद्धात उघडपणे उतरला आणि कर भराभर वाढले. १६३६-३७ मध्ये नैर्ऋत्येकडे शेतकरी उठले, १६३९ मध्ये नॉर्मंडीत 'अनवाणी' म्हणवणारे उठले. वसुली तर व्हायलाच हवी, पण विकत घेतलेल्या पदावरचा स्थानिक अधिकारी आपल्या शेजाऱ्या-पाजाऱ्यांना दुखवायला तयार नसे. म्हणून रिशल्यूने 'अँतांदां' पाठवायला सुरुवात केली. हा राजाचा थेट माणूस, हाती फक्त नेमणुकीचं पत्र, ते कधीही परत घेता येणारं. १६४२ पासून करवाटपाचं काम त्याच्याकडे आलं. पद विकत घेतलेला माणूस आणि नेमलेला माणूस यांची खडाजंगी इथून सुरू होते.

ती फुटली १६४८ मध्ये. तेव्हा लुई नऊ वर्षांचा, राज्य चालवत होते त्याची आई आणि माझारँ. पोलेत दर नऊ वर्षांनी नव्याने मंजूर व्हायची. माझारँच्या सरकारने अट घातली : नूतनीकरण हवं असेल तर चार वर्षांचं वेतन सोडा. पॅरिसच्या पार्लमाँला या अटीतून वगळलं होतं. हे पार्लमाँ म्हणजे लोकप्रतिनिधींची संसद नव्हे बरं का, ते वरिष्ठ न्यायालय. राजाचे हुकूम तिथे नोंदले गेल्यावरच कायदा बनत. त्यांना वगळून बाकीच्यांना एकटं पाडायचं असा तो डाव होता. तो अंगाशी आला. १३ मे रोजी पार्लमाँने इतर वरिष्ठ न्यायालयांशी हातमिळवणी केली. त्यांच्या मागण्यांत अँतांदां रद्द करा ही ठळक मागणी होती, आणि जुलैमध्ये सरकारला ती बऱ्याच अंशी मान्य करावी लागली. ऑगस्टमध्ये ब्रूसेल या वृद्ध न्यायाधीशाला पकडलं तेव्हा पॅरिसच्या रस्त्यांत अडथळे उभे राहिले. जानेवारी १६४९ मध्ये राजघराणं रात्री शहरातून निघून गेलं.

या बंडाला 'फ्राँद' म्हणतात, म्हणजे गोफण. पुढे त्यात मोठमोठे सरदार घुसले आणि ते पाच वर्षं रेंगाळलं. त्या लढायांत आपण आज शिरणार नाही. लक्षात ठेवायचं ते एवढंच, की पहिली ठिणगी राजाच्या स्वतःच्या अधिकाऱ्यांनी टाकली.

१६६१ मध्ये माझारँ वारला आणि लुईने जाहीर केलं की यापुढे मुख्यमंत्री नाही. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये अर्थखात्याचा प्रमुख फूके याला अटक झाली. ही गोष्ट नेहमी सांगितली जाते ती त्याच्या वाड्यातल्या डोळे दिपवणाऱ्या मेजवानीसाठी. आम्हांला तिच्यातला दुसरा तपशील महत्त्वाचा वाटतो. फूके हा पार्लमाँचा प्रोक्युरर-जनरलही होता, आणि ते पद त्याने विकत घेतलेलं. ते हातात असेपर्यंत त्याचा खटला पार्लमाँसमोरच चालला असता, आणि तिथे त्याची माणसं होती. म्हणून अटकेआधी त्याला गोडीगुलाबीने ते पद विकायला लावलं. त्याने विकलं, आणि मग तो सापडला. उरलेलं आयुष्य त्याने पिन्येरोलच्या किल्ल्यात काढलं. सूर्यराजा म्हणवणाऱ्या माणसाला आपल्याच मंत्र्याला पकडायला अशी वाकडी वाट घ्यावी लागली!

मग लुई बलवान नव्हता का? होता. अँतांदां परत आले आणि या वेळी टिकले. १६७३ मध्ये पार्लमाँला सांगण्यात आलं, की हुकूम आधी नोंदवा, तक्रार मग करा. १६७५ मध्ये ब्रिटनीत मुद्रांकाच्या कागदावरून आणि तंबाखूवरच्या करावरून बंड झालं, तेव्हा सैन्य गेलं, काही गावांच्या चर्चचे मनोरे शिक्षा म्हणून उतरवले गेले आणि रेनचं पार्लमाँ वॅनला हलवलं. ते १६९० पर्यंत तिथेच होतं. पण बळ आणि अनियंत्रितपणा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. विल्यम बाइक या इतिहासकाराने लांगदोक प्रांताचे हिशोब तपासून १९८५ मध्ये दाखवून दिलं, की तिथे वसूल झालेल्या कराचा चांगला मोठा भाग प्रांतातल्याच वजनदार लोकांच्या खिशात जाई, कुणाला व्याज, कुणाला भत्ता, कुणाला मानधन. फ्राँदमध्ये अशी मंडळी राजाविरुद्ध गेली होती. आता ती गप्प होती, कारण वाटा ठरलेला होता. व्हर्सायबद्दल इतकं लिहिलं गेलंय की आपण त्यावर वेळ घालवत नाही.

१६८८ नंतरच्या युद्धांत मात्र जुनी सवय उफाळून आली. सैन्य साडेतीन लाखांच्या आसपास गेलं होतं. १६९० मध्ये अंत्ययात्रेची दवंडी देण्याचं पद विक्रीला निघालं, १६९२ मध्ये शहरांच्या महापौरांची पदं. निवडलेला महापौर हवा असलेल्या शहरांनी स्वतःच ती विकत घेतली, म्हणजे आपलाच जुना हक्क पुन्हा पैसे मोजून! १६९३-९४ च्या दुष्काळात आणि तापाच्या साथींत दहा लाखांहून अधिक माणसं मेली. त्यानंतर, १६९५ मध्ये, पहिल्यांदा असा कर आला की जो सरदारांनाही भरावा लागला. प्रजेचे बावीस वर्ग पाडले. पहिल्या वर्गात खुद्द युवराज, त्याला २,००० लिव्र, आणि शेवटच्या वर्गाला एक लिव्र. कल्पना चांगली होती. धर्मगुरूंनी एकरकमी देणगी देऊन सुटका करून घेतली, सरदारांना सवलती मिळत गेल्या, आणि बोजा घसरत घसरत पुन्हा तिथेच आला. सेनापती व्होबाँने आयुष्यभर किल्ले बांधत देश पाहिला होता. त्याने सगळ्यांवर सारखा कर बसवण्याची योजना १७०७ मध्ये छापली, तर राजाने पुस्तकावरच बंदी घातली.

१ सप्टेंबर १७१५ रोजी लुई वारला. कर्ज दोन अब्ज लिव्रांच्या घरात होतं. गादीवर येणारा पणतू पाच वर्षांचा, म्हणून राज्यकारभार कोणी कसा पाहायचा हे त्याने मृत्युपत्रात बारकाईने लिहून ठेवलं होतं, आणि ते मृत्युपत्र सांभाळायला दिलं होतं पॅरिसच्या पार्लमाँकडे. २ सप्टेंबरला पार्लमाँ भरलं. न्यायाधीशांनी मृत्युपत्र वाचून घेतलं, त्यातली मुख्य कलमं बाजूला सारली, आणि ऑर्लेआंच्या ड्यूकला पूर्ण अधिकार देऊन टाकले. दोन आठवड्यांच्या आत ड्यूकने त्यांना नोंदणीआधी तक्रार करण्याचा जुना हक्क परत दिला. त्यांची पदं विकतची होती. ती १७८९ च्या ऑगस्टपर्यंत तशीच राहिली.