परदेशी प्रवेशासाठी शिफारसपत्र: ‘एलओआर’ वेळेत कसं मिळवायचं?

अमेरिकेतल्या एमबीए किंवा एलएलएमच्या अर्जात बहुतेक गोष्टी अर्जदाराच्या हातात असतात. निबंध रात्री जागून पूर्ण करता येतो. स्कोअर कमी आला तर पुन्हा फी भरून परीक्षा देता येते. शिफारसपत्राचं, म्हणजेच ‘एलओआर’चं मात्र तसं नाही. ते लिहिणार दुसरं कुणीतरी, अपलोडही तीच व्यक्ती करणार आणि उशीर झाला तर फटका बसणार अर्जदाराला.

पत्र आलं नाही तर अर्ज ‘अपूर्ण’ राहतो. अनेक ठिकाणी असा अर्ज निवड समितीपुढे जात नाही किंवा पुढच्या फेरीत ढकलला जातो. भरलेली फी सहसा परत मिळत नाही. त्यामुळे या एका कागदाचं नियोजन सगळ्यात आधी करावं लागतं.

पत्र नेमकं जातं कसं?

लेटरहेडवर पत्र, खाली सही-शिक्का आणि बंद पाकीट ही पद्धत आता जवळपास संपली आहे. अर्जदार पोर्टलवर शिफारस करणाऱ्या व्यक्तीचं नाव, पद आणि ईमेल भरतो. त्या पत्त्यावर लिंक जाते आणि ती व्यक्ती थेट तिथेच पत्र टाकते. अभ्यासक्रमानुसार यात फरक आहेत.

- एमबीए: हार्वर्ड बिझनेस स्कूल आणि स्टॅनफर्ड दोन्हीकडे दोन शिफारसी लागतात. अनेक बिझनेस स्कूल नुसतं पत्र मागत नाहीत, तर ठरावीक प्रश्नांची उत्तरं मागतात. अर्जदाराला सुधारणेसाठी कोणती महत्त्वाची सूचना केली आणि त्याने ती कशी घेतली, हा त्यातला नेहमीचा प्रश्न. त्यामुळे ‘एकच पत्र सगळीकडे’ इथे चालत नाही.
- कायदा: अमेरिकेतल्या बऱ्याच लॉ स्कूलचे अर्ज ‘एलसॅक’ या संस्थेमार्फत जातात. पत्र एकदा तिथे जमा झालं की अनेक कॉलेजांना पाठवता येतं. पण कोणतं पत्र कोणत्या कॉलेजला जायचं, हे अर्जदाराने स्वतः ‘असाइन’ करावं लागतं. पत्र वेळेत येऊनही असाइन न केल्यामुळे अडकून राहू शकतं. शिवाय संस्थेला पत्रावर प्रक्रिया करायला काही दिवस लागतात, तेही धरून चालायचं.
- डॉक्टरांची रेसिडेन्सी: इथले एमबीबीएस डॉक्टर अमेरिकेत ‘इरास’ या प्रणालीतून अर्ज करतात. पत्रं कितीही साठवता येतात, पण एका प्रोग्रामला जास्तीत जास्त चार लावता येतात. प्रत्येक पत्रासाठी स्वतंत्र विनंतीपत्रक तयार होतं आणि त्यावरच्या क्रमांकाच्या आधारे वरिष्ठ डॉक्टर पत्र अपलोड करतात.
- अमेरिकेतलं मेडिकल स्कूल: तिथे स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांतली मुलं सहसा ‘अ‍ॅमकास’मधून अर्ज करतात. पत्रं येण्याआधीही मुख्य अर्ज पाठवता येतो आणि त्याची पडताळणी सुरू होते. पत्रासाठी अर्ज अडवून ठेवण्याची गरज नसते.

उशीर नेमका कुठे होतो?

प्राध्यापक मुद्दाम टाळतात असं क्वचितच असतं. खरी अडचण कॅलेंडरची आहे. एलएलएमच्या बऱ्याच मुदती डिसेंबरच्या आसपास असतात, एमबीएची दुसरी फेरी जानेवारीच्या सुरुवातीला. नेमक्या त्याआधीच्या आठवड्यांत महाराष्ट्रातल्या कॉलेजांत दिवाळीची सुट्टी, हिवाळी सत्राच्या परीक्षा आणि पेपर तपासणी असते. एकाच सरांकडे त्या काळात अनेक विद्यार्थ्यांची विनंती आलेली असते.

दुसरं कारण ईमेलचं. पोर्टलची लिंक स्पॅममध्ये जाते किंवा सर कधीच न उघडणाऱ्या कॉलेजच्या ईमेलवर जाते. काही पोर्टलवर लिंक नाव भरल्याबरोबर जाते, तर काहींवर अर्ज सबमिट केल्यावरच. दुसऱ्या प्रकारात शेवटच्या दिवशी अर्ज सबमिट केला, तर सरांच्या हातात काही तासच उरतात.

तिसरा घोळ वेळेचा. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरची डिसेंबरमधली ‘रात्री ११:५९’ची मुदत म्हणजे भारतात दुसऱ्या दिवशी सकाळचे १०:२९. पश्चिम किनाऱ्यावरच्या कॉलेजसाठी दुपारचा १:२९. मुदत कोणत्या टाइम झोननुसार आहे, हे आधीच पाहून सरांना भारतीय वेळ कळवायची.

उलटं वेळापत्रक

समजा मुदत १ डिसेंबर आहे. मग तिथून मागे मोजत यायचं.

- ऑगस्टअखेर: कुणाकडून पत्र घ्यायचं ते ठरवणं. गरजेपेक्षा एक नाव जास्त हाताशी ठेवणं.
- सप्टेंबरचा पहिला पंधरवडा: प्रत्यक्ष भेटून किंवा फोनवर विचारणं.
- सप्टेंबरअखेर: होकार मिळाल्यावर सगळी माहिती एकाच ईमेलमध्ये पाठवणं.
- ऑक्टोबरचा पहिला आठवडा: पोर्टलवरून लिंक पाठवणं आणि ती मिळाली का, हे त्याच दिवशी विचारणं.
- दिवाळीच्या सुट्टीआधी: पहिली आठवण.
- १५ नोव्हेंबर: पत्र अपलोड व्हावं अशी सरांना सांगितलेली तारीख. खरी मुदतही त्यांना सांगावी. खोटी तारीख कळली तर विश्वास जातो.
- २० नोव्हेंबर: पत्र आलेलं नसेल तर पर्यायी व्यक्तीला विचारणं.

रेसिडेन्सीसाठी हेच गणित आणखी आधी सुरू होतं, कारण प्रोग्राम सप्टेंबरच्या अखेरीपासून अर्ज पाहू लागतात. अमेरिकेत रोटेशन किंवा ऑब्झर्व्हरशिप केलेल्यांनी तिथला शेवटचा आठवडा संपायच्या आत पत्राचं बोलून घ्यावं. भारतात परतल्यावर महिन्यांनी ईमेल केला, तर त्या डॉक्टरांना चेहरा आठवतो, काम आठवत नाही.

कुणाला विचारायचं?

मोठ्या पदापेक्षा जवळून पाहिलेलं काम महत्त्वाचं. प्राचार्यांचं चार ओळींचं ‘हा विद्यार्थी हुशार आणि मेहनती आहे’ छापाचं पत्र कुणाच्याच उपयोगाचं नसतं. त्याऐवजी ज्यांच्या हाताखाली प्रोजेक्ट केला, मूट कोर्टची तयारी केली किंवा दोन वर्षं नोकरी केली, त्यांनी एक प्रसंग सांगून लिहिलेलं पत्र वजनदार ठरतं. एमबीएसाठी सध्याचे किंवा आधीचे वरिष्ठ जास्त योग्य. नोकरी सोडायची कुणकुण लागू नये म्हणून सध्याच्या बॉसला विचारता येत नसेल, तर आधीचे बॉस किंवा क्लायंट चालतात. तसं का केलं, हे अर्जात एका वाक्यात सांगता येतं.

विचारताना नकाराला जागा ठेवावी. उदाहरणार्थ:

‘सर नमस्कार. अमेरिकेत एलएलएमसाठी अर्ज करतोय. तिसऱ्या वर्षाला तुमच्याकडे करार कायदा शिकलो, मूट कोर्टलाही तुमचंच मार्गदर्शन होतं. त्या कामाबद्दल सविस्तर शिफारसपत्र देऊ शकाल का? मुदत १ डिसेंबर आहे, १५ नोव्हेंबरपर्यंत झालं तर बरं होईल. या दिवसांत जमणार नसेल तरी सांगा सर, म्हणजे मला वेळेत दुसरीकडे विचारता येईल.’

सप्टेंबरमध्ये आलेला स्पष्ट नकार नोव्हेंबरमधल्या ‘बघू, करू’पेक्षा कितीतरी बरा.

होकार मिळाल्यावर काय द्यायचं?

रिझ्युमे, गुणपत्रिका, निबंधाचा मसुदा, कॉलेजांची यादी आणि प्रत्येकाची मुदत. सोबत एका पानाची टिपणं: त्यांच्यासोबत काय काम केलं, कधी केलं, त्यातून काय निष्पन्न झालं. सरांनी शेकडो मुलं शिकवलेली असतात. ही टिपणं हाताशी असली की पत्र लवकर होतं आणि नेमकंही होतं.

‘ड्राफ्ट तूच करून आण, मी सही करतो’

हे वाक्य आपल्याकडे जवळपास प्रत्येक अर्जदाराला ऐकावं लागतं. वेळ वाचतो म्हणून अनेकजण तयारही होतात. पण यात धोका आहे. स्टॅनफर्डच्या बिझनेस स्कूलने स्वच्छ म्हटलं आहे की, शिफारस करणाऱ्याने सांगितलं तरी अर्जदाराने स्वतःच्या पत्राच्या मसुद्यात सहभागी होणं हा नियमभंग आहे. शिवाय निबंध आणि दोन्ही पत्रं एकाच माणसाच्या भाषेत असली, तर वाचणाऱ्याच्या ते लक्षात येतं.

सरांना हे सांगणं अवघड जातं. अशा वेळी मसुद्याऐवजी मुद्दे न्यावेत आणि कॉलेजचा नियम दाखवावा: ‘सर, मी लिहिलेलं त्यांना चालत नाही. मी सगळे मुद्दे काढून आणलेत, तुम्ही तुमच्या शब्दांत लिहा.’ इंग्रजी लिहिण्याचा संकोच असेल तर साध्या, छोट्या वाक्यांचं पत्रही चालतं हे सांगावं. निवड समितीला भाषेच्या सौंदर्यापेक्षा माहिती हवी असते.

‘वेव्हर’वर टिक करायची का?

पोर्टलवर एक चौकट असते: पत्र पाहण्याचा हक्क सोडता का? अमेरिकेच्या १९७४च्या ‘फर्पा’ कायद्यानुसार, प्रवेश घेतल्यानंतर विद्यार्थ्याला आपल्या शैक्षणिक नोंदी पाहण्याचा हक्क असतो. तो सोडणं प्रवेशासाठी सक्तीचं करता येत नाही. तरीही बहुतेक अर्जदार तो सोडतात, कारण मग लिहिणारा मोकळेपणाने लिहितो आणि वाचणारा पत्रावर जास्त भरवसा ठेवतो.

पत्र आलंच नाही तर?

आधी पोर्टलवर स्थिती पाहायची आणि लिंक पुन्हा पाठवायची. मग ईमेलची वाट न पाहता फोन करायचा किंवा डिपार्टमेंटमध्ये जाऊन भेटायचं. अनेक पोर्टलवर पत्र येण्याआधी अर्ज सबमिट करता येतो, त्यामुळे आपला भाग मुदतीत पूर्ण करून ठेवायचा. त्यानंतर प्रवेश कार्यालयाला छोटा ईमेल: कोणतं पत्र राहिलं आहे आणि कधीपर्यंत येईल. काही कॉलेजं पत्रासाठी थोडे दिवस देतात, काही अजिबात देत नाहीत. हा नियम कॉलेजच्या वेबसाइटवर असतो आणि तो अर्ज सुरू करतानाच वाचून ठेवायचा.

पत्र पोहोचलं की त्याच दिवशी आभाराचा फोन करावा, आणि निकाल लागल्यावर तोही कळवावा. प्रवेश मिळाला नाही, तर पुढच्या वर्षी पुन्हा त्याच दारात जावं लागू शकतं.