भाव विचारण्याआधी

अरब देशात राहायला निघालेल्याला सगळे जण दोन गोष्टी बजावतात. कागदपत्रे जपून ठेव, आणि दुकानदार सांगेल त्या किमतीला काहीही घेऊ नकोस. पहिला सल्ला सोन्यासारखा आहे. दुसऱ्याने मात्र अरब बाजाराविषयीची आपली समजूत पार एकांगी करून ठेवली आहे. कैरोचा खान अल-खलिली हा बाजार चौदाव्या शतकाच्या अखेरीचा. पर्यटक तिथे पितळी दिव्याची किंमत निम्म्यावर आणतो आणि बाजार कळला अशा समाधानात परततो. कैरोत बिऱ्हाड केलेला माणूस मात्र तिकडे फिरकतो तो पाहुणे आले की. त्याचा बाजार म्हणजे गल्लीच्या तोंडाशी असलेला वाणी, भाजीची गाडी, औषधांचे दुकान आणि रोटीची भट्टी. अरब बाजाराच्या अभ्यासात शिरणाऱ्याने सुरुवात तिथूनच करावी, असा माझा आग्रह आहे.

भट्टीवर घासाघीस चालत नाही, औषधांच्या दुकानातही नाही. नवखा माणूस अडखळतो तो वेगळ्याच ठिकाणी. टोमॅटोच्या ढिगात खोचलेल्या पुठ्ठ्यावर आपल्या शून्यासारखे वर्तुळ दिसते. ते पाच असते. शून्य म्हणजे नुसता ठिपका. दोन आणि तीन आपल्या अंकांचे भाऊबंद वाटतात, म्हणून मराठी वाचक निर्धास्त होतो आणि नेमका पाचावर फसतो. भाषेचेही तसेच. वर्गात शिकलेली अरबी वर्तमानपत्राची असते, भाजीवाल्याची नसते. चार्ल्स फर्ग्युसन यांनी १९५९च्या निबंधात ही दुपदरी भाषास्थिती चार उदाहरणांनी मांडली. त्यांतले एक अरबीचे होते. निबंध छोटा आहे, जाण्यापूर्वी जरूर वाचावा.

मग येतात रीतिरिवाज. पैसे पुढे केले की दुकानदार ‘राहू द्या’ म्हणतो. हे खरे मानून कोणी निघून गेला, तर दोघांचीही पंचाईत. दोनदा आग्रह करायचा, तिसऱ्यांदा तो घेतो. वयस्क दुकानदाराला ‘या अम्म’, म्हणजे काका, किंवा ‘या हाग्ग’ म्हणावे, मग तो हजला गेलेला असो वा नसो. फुआद खुरी यांनी १९६८मध्ये दाखवून दिले, की घासाघिशीतली ही नातेवाचक संबोधने निव्वळ गोडबोलेपणा नव्हे. संशय दूर करून कायमचे गिऱ्हाईक जोडण्याची ती रीत आहे. क्लिफर्ड गीर्ट्झ याच वाटेने आणखी पुढे गेले. मोरोक्कोतल्या सेफ्रू गावच्या बाजारावरचा त्यांचा दीर्घ निबंध १९७९चा. अशा बाजारात खरी टंचाई असते ती खात्रीच्या माहितीची: माल कसा आहे, चालू भाव काय, कोणाच्या शब्दावर विसंबावे. म्हणून लोक दहा दुकाने पालथी घालण्यापेक्षा एकच दुकानदार धरून ठेवतात. गीर्ट्झ वाचायला जड आहेत, पण ती मेहनत फुकट जात नाही.

रोटीला मात्र वेगळे प्रकरण द्यावे लागते. इजिप्तमध्ये अनुदानित रोटी तीन दशकांहून अधिक काळ पाच पियास्तरला, म्हणजे पौंडाच्या विसाव्या हिश्शाला मिळत होती. जून २०२४मध्ये ती वीस पियास्तर झाली. शिधापत्रिकेवर माणशी रोज पाच रोट्या. सरकार इतकी वर्षे किमतीला हात लावायला का कचरत होते, हे समजायला जानेवारी १९७७कडे जावे लागते. पीठ, साखर, तांदूळ यांवरचे अनुदान कापल्याची घोषणा झाली, शहरे पेटली आणि दोन दिवसांत निर्णय मागे घ्यावा लागला. भट्टीसमोरच्या रांगेत उभे राहणारा विद्यार्थी अर्थशास्त्राच्या वर्गातच उभा असतो. जेसिका बार्न्स यांचे गहू आणि रोटीवरचे २०२२चे पुस्तक त्याने हाताशी ठेवावे.

घराच्या आतली बाजू जुन्या अभ्यासकांना दिसत नव्हती. एडवर्ड लेन यांचा १८३६चा इजिप्शियन चालीरीतींवरचा ग्रंथ आजही मोलाचा आहे, पण जनानखान्याचे दार त्यांना बंद होते. ती उणीव बऱ्याच अंशी भरून काढली त्यांच्या बहिणीने, सोफिया लेन पूल यांनी, कैरोहून लिहिलेल्या पत्रांतून. पुढे डायन सिंगरमन यांनी १९९५च्या पुस्तकात कैरोच्या वस्त्यांतल्या ‘गमइय्या’चे वर्णन केले. दरमहा ठरावीक रक्कम जमवायची आणि पाळीपाळीने एकेकाने उचलायची. आपली भिशीच ही. मराठी वाचकाला वेगळी समजावून सांगायला नको.

मराठी माणूस कैरोपेक्षा दुबई-मस्कतला जाण्याचा संभव अधिक, आणि तिथे वरचे बरेचसे लागू पडत नाही. आखाताचे भारताशी व्यवहार जुने आहेत: १९५९पासून रिझर्व्ह बँक आखातासाठी वेगळ्या रुपयाच्या नोटा छापत असे. ओमानमध्ये त्या १९७०पर्यंत चालल्या. आजही तिथल्या कित्येक दुकानांत अरबी येत नसल्याने काही अडत नाही. चालते ती हिंदी-उर्दू, इंग्रजी किंवा मोडकीतोडकी कामचलाऊ अरबी. या कामचलाऊ बोलीचा पहिला अहवाल जॅक स्मार्ट यांनी १९९०मध्ये प्रसिद्ध केला. तिकडे राहणाऱ्या मराठी वाचकाने ती कान देऊन ऐकावी आणि टिपून ठेवावी. फक्त वही गल्ल्यासमोर उघडू नये. घरी येऊन लिहावे.