विट (चित्रपट)

अमेरिकेतील एचबीओ वाहिनीने निर्माण केलेला इंग्रजी चित्रपट. दिग्दर्शक माइक निकोल्स. पटकथा निकोल्स आणि नायिकेची भूमिका करणाऱ्या एमा थॉम्प्सन यांची. बर्लिनच्या चित्रपट महोत्सवात दाखवला गेल्यानंतर २४ मार्च २००१ रोजी तो वाहिनीवरून प्रसारित झाला. मार्गारेट एडसन यांच्या याच नावाच्या, पुलित्झर पारितोषिक मिळालेल्या नाटकावर तो आधारलेला आहे. असाध्य आजार, संशोधनाच्या नावाखाली होणारे उपचार आणि त्या गडबडीत रुग्णाच्या वाट्याला न येणारी माया हा त्याचा विषय.

व्हिव्हियन बेअरिंग ही इंग्रजीची प्राध्यापिका. सतराव्या शतकातील कवी जॉन डन याच्या मृत्यू आणि मोक्ष यांविषयीच्या सुनीतांवर तिचा शब्द अखेरचा मानला जातो. लग्न नाही, आईवडील हयात नाहीत, जवळची मैत्रीण म्हणावी अशी कुणी नाही. अशा बाईला पहिल्याच दृश्यात डॉ. केलेकियन सांगतात की तिला अंडाशयाचा कर्करोग आहे आणि तो पसरला आहे. टप्पा चौथा. पाचवा टप्पा नसतो, हे पुढे ती स्वतःच प्रेक्षकांना कोरडेपणाने सांगून टाकते. डॉक्टर एका प्रायोगिक केमोथेरपीची आठ आवर्तने सुचवतात, तीही पूर्ण मात्रेत. ती होकार देते. अवघड काम टाळायचे नाही, हे तिच्या अभ्यासकी अहंकाराला साजेसेच असते.

यानंतर चित्रपट रुग्णालयाबाहेर फारसा पडत नाही. व्हिव्हियन थेट कॅमेऱ्याकडे पाहून बोलते, उपहास करते, डॉक्टरांची भाषा एखाद्या कवितेसारखी तपासते. रोज येणारा प्रत्येक जण ‘आज कसं वाटतंय?’ असे विचारतो आणि उत्तर ऐकायला कुणी थांबत नाही. राऊंडच्या वेळी शिकाऊ डॉक्टर तिच्या पोटावर हात ठेवून उपचारांच्या दुष्परिणामांची यादी म्हणत राहतात. डोक्यावरचे सगळे केस गेलेले समोर दिसत असताना तोच परिणाम सांगायचा राहतो. एका दृश्यात तरुण संशोधक-डॉक्टर जेसन पोझनर अंतर्गत तपासणीसाठी तिला पाय बांधलेल्या अवस्थेत सोडून परिचारिकेला शोधायला निघून जातो. हा जेसन एके काळी तिचाच विद्यार्थी होता. वैद्यकीय प्रवेशाच्या अर्जावर बरे दिसावे म्हणून त्याने तिचा कवितेचा वर्ग घेतला होता.

गुरु-शिष्याचे हे नाते चित्रपटाचा कणा आहे. जेसनला पेशींचे वाढणे विलक्षण सुंदर वाटते, पेशंटशी बोलणे म्हणजे वेळेचा अपव्यय. व्हिव्हियनलाही ओळींमधली कोडी प्रिय होती, समोरची मुले नव्हे. आजी वारली म्हणून निबंधाला मुदत मागणाऱ्या विद्यार्थ्याला तिने नकार दिला होता, ही आठवण तिला आता पलंगावर पडल्यापडल्या छळते. आपण ज्या नजरेने माणसांकडे पाहिले त्याच नजरेने आपल्याकडे पाहिले जात आहे, हे तिला कळते. इथेच हा चित्रपट डॉक्टरांवरच्या साध्या तक्रारीपेक्षा मोठा होतो.

करुणेची बाजू परिचारिका सूझी मोनाहन (ऑड्रा मॅकडोनाल्ड) सांभाळते. तिला पांडित्य नाही. व्हिव्हियनने सहज वापरलेला एक भारदस्त शब्द तिला कळत नाही आणि त्यावरून दोघी खळखळून हसतात. मध्यरात्री व्हिव्हियन मुद्दाम सलाइनची नळी दुमडून यंत्राची घंटा वाजवते, कारण कुणीतरी यावे एवढेच तिला हवे असते. सूझी येते. दोघी एक आइसकँडी मोडून अर्धी-अर्धी खातात आणि त्या गप्पांत सूझी तिला सरळ विचारते: हृदय बंद पडले तर ते पुन्हा सुरू करण्याचा प्रयत्न करायचा की नाही? व्हिव्हियन नको म्हणते.

पुढे रुग्ण शुद्धीत नसतानाही सूझी तिच्याशी बोलते, हातांना मलम लावते. जेसनला ते वेडेपणाचे वाटते. वेदनांसाठी मॉर्फीनचे नियंत्रण रुग्णाच्याच हाती असावे, असा सूझीचा आग्रह असतो. केलेकियन मात्र तिची शुद्धच हरपेल असे सलाइन लावायला सांगतात. शेवटी व्हिव्हियन मरण पावते तेव्हा जेसन तिची नोंदवलेली इच्छा विसरून हृदय चालू करणाऱ्या पथकाला हाक देतो. त्याच्या दृष्टीने ती संशोधनाची सामग्री असते. सूझी त्याला अडवते.

त्याआधीचा एक प्रसंग सर्वांत गाजला. व्हिव्हियनच्या वृद्ध गुरू ई. एम. ॲशफर्ड (आयलीन ॲटकिन्स) भेटायला येतात. सबंध चित्रपटात तिला भेटायला येणाऱ्या त्या एकट्याच. डनची कविता म्हणू का, असे त्या विचारतात. व्हिव्हियन कण्हत नकार देते. मग त्या बूट काढून तिच्या शेजारी पलंगावर बसतात आणि पणतवासाठी घेतलेले लहान मुलांचे पुस्तक वाचून दाखवतात. मार्गारेट वाइज ब्राउन यांचे ‘द रनअवे बनी’ (१९४२) ते हे पुस्तक. आयुष्यभर बुद्धीवर जगलेल्या बाईला अखेरीस सशाच्या पिल्लाची गोष्ट पुरते. हा प्रसंग सहज भाबडा होऊ शकला असता. ॲटकिन्स यांच्या संयमामुळे तो तसा होत नाही.

मूळ नाटकाची कहाणीही सांगण्यासारखी. एडसन (जन्म १९६१) यांनी १९८५ मध्ये वॉशिंग्टनमधील एका संशोधन रुग्णालयात कर्करोग व एड्सच्या विभागात कारकुनी केली होती. त्या अनुभवावर त्यांनी १९९१ मध्ये नाटक लिहिले. अनेक नाट्यसंस्थांच्या नकारानंतर ते १९९५ साली कॅलिफोर्नियातील कोस्टा मेसा येथे रंगमंचावर आले, न्यूयॉर्कमध्ये १९९८ मध्ये गाजले आणि १९९९ मध्ये त्याला पुलित्झर मिळाले. तेव्हा त्या अटलांटात बालवर्गाला शिकवत होत्या. पारितोषिकानंतरही त्यांनी शाळा सोडली नाही.

थॉम्प्सन यांनी या भूमिकेसाठी डोके भादरून घेतले. त्या स्वतः केंब्रिजला इंग्रजी शिकलेल्या, त्यामुळे कवितेवरचे बोलणे त्यांच्या तोंडी उसने वाटत नाही. व्हिव्हियनच्या वडिलांच्या छोट्या भूमिकेत नाटककार हॅरोल्ड पिंटर आहेत. आर्वो पार्ट या एस्टोनियन संगीतकाराचे मोजक्या सुरांचे संगीत दृश्यांवर कुरघोडी करत नाही. नाटकात शेवटी नायिका वस्त्रे टाकून प्रकाशाकडे जाते; निकोल्स यांनी हा शेवट गाळून कॅमेरा तिच्या निष्प्राण चेहऱ्यावर ठेवला. पडद्याला हेच मानवते.

उणीव आहे ती डॉक्टरांच्या रेखाटनात. जेसन काही ठिकाणी व्यंगचित्राकडे झुकतो आणि केलेकियनच्या मनात काय चालले आहे, ते शेवटपर्यंत कळत नाही.

‘आनंद’ या हिंदी चित्रपटातला (१९७१) रोगी भेटेल त्याला आपलासा करतो, म्हणून त्याच्यासाठी सगळे रडतात. व्हिव्हियन तशी नाही. ती तुसडी आहे. माया मिळण्यासाठी रुग्णाने गोड असावे लागते का, हा प्रश्न ‘आनंद’ विचारत नाही, ‘विट’ विचारतो.

चित्रपटाला उत्कृष्ट दूरचित्रवाणीपटाचे आणि निकोल्स यांना दिग्दर्शनाचे एमी पारितोषिक मिळाले. पीबॉडी पुरस्कारही लाभला. रुग्णाशी कसे बोलावे हे शिकवण्यासाठी अमेरिकेतील वैद्यकीय महाविद्यालयांत नाटक व चित्रपट दोन्ही वापरले गेले. ज्यांच्या घरी सध्या केमोथेरपी चालू आहे त्यांनी तो पाहण्याची घाई करू नये. वॉर्डात काम करणाऱ्यांनी मात्र तो जरूर पाहावा.