गाडीच्या रंगाचा टवका उडालाय? गंज धरण्याआधी कमी खर्चात अशी करा दुरुस्ती

शिरूरहून न्हावरे, चौफुला करत दौंडकडे जा किंवा पुणे-सोलापूर महामार्गाने यवत, पाटस ओलांडा. पुढे खडीचा डंपर किंवा उसाची ट्रॉली हमखास भेटते. चाकाखालून उडालेला खडा बॉनेटवर आपटतो आणि रंगाचा टवका उडतो. ठिपका मोहरीएवढा, म्हणून आपण सोडून देतो. एक-दोन पावसाळ्यांनी तिथला रंग फुगतो आणि अख्खं पॅनेल रंगवायची वेळ येते.

टवक्याचा गंज कसा होतो?

पत्र्यावर प्राइमर, रंग आणि चकाकी देणारा क्लिअर कोट असे थर असतात. सगळे मिळून जाडी साधारण १०० ते १५० मायक्रॉन, म्हणजे जेमतेम दोन केसांएवढी. टवका पत्र्यापर्यंत गेला की लोखंडाला पाणी आणि हवा दोन्ही मिळतात. गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा व्यापतो, त्यामुळे तो शेजारचा रंग आतून उचलतो. म्हणूनच बाहेर दिसतो त्यापेक्षा आतला गंज मोठा असतो. त्यावर नुसता रंग मारला तर तो आत पसरतच राहतो.

आधी काय तपासायचं?

- बंपर: बहुतेक गाड्यांचा बंपर प्लॅस्टिकचा असतो. तो गंजत नाही, त्यामुळे घाई नको.
- ठिपक्याचा रंग: करडा किंवा पांढरट दिसला तर बहुधा प्राइमर शाबूत आहे. तपकिरी दिसला तर गंज सुरू झालाय.
- पत्र्याचा कस: स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने हलकेच दाबा. पत्रा मऊ लागला किंवा भोक पडलं, तर ते वेल्डिंगचं काम आहे. घरी करू नका.

दुरुस्ती कशी करायची?

१. गाडी शाम्पूने धुऊन पूर्ण वाळवा. ठिपक्याभोवती मास्किंग टेप लावा.

२. पॉलिश पेपरने (आधी २२० नंबर, मग ४००) चकचकीत पत्रा दिसेपर्यंत गंज घासा. फुगलेला रंगही काढा. मोहरीएवढ्या टवक्यासाठी पेपरची बारीक गुंडाळी पुरते.

३. बारीक खड्ड्यांत गंज उरलाच तर रस्ट कन्व्हर्टर लावा. डब्यावर दिलेला वेळ पाळा.

४. थिनरच्या फडक्याने फक्त उघडा पत्रा पुसा आणि त्याच दिवशी प्राइमर लावा. उघडा पत्रा रात्रभर ठेवू नका. हार्डवेअरच्या दुकानातला रेड ऑक्साइड चालतो, पण तो पुरता वाळू द्या. ओल्या प्राइमरवर थिनरचा रंग लावला तर सुरकुत्या पडतात.

५. कंपनीच्या रंगाचा कोड बॉनेटखाली किंवा दाराच्या चौकटीवरच्या पट्टीवर पाहा. त्याच कोडचं टचअप पेन घ्या. काडीपेटीच्या काडीच्या टोकाने दोन-तीन पातळ हात द्या. प्रत्येक हात वाळू द्या, मग क्लिअर कोट लावा.

६. आठवडाभराने २००० नंबरचा पेपर पाण्यात भिजवून हलकेच फिरवा आणि रबिंग कंपाउंडने चमकवा.

घासताना मास्क लावा. थिनर ज्वालाग्राही असतं, जवळ विडी-सिगारेट नको.

कधी करायची?

पाऊस सुरू होण्याआधी, एप्रिल-मेमध्ये. पण उन्हात तापलेल्या पत्र्यावर रंग लावू नका. सकाळी सावलीत, वारा नसताना काम करा. हे दोन्ही तालुके कमी पावसाचे असले तरी चाकाच्या कमानीत अडकलेली काळी माती कित्येक दिवस ओल धरून ठेवते. गाडी धुताना ती माती काढा. दाराच्या खालच्या कडेला पाणी जाण्यासाठी छोटी भोकं असतात, ती बुजू देऊ नका.

खर्च किती?

हे सामान काही शे रुपयांत येतं आणि अनेक ठिपक्यांना पुरतं. पॅनेल रंगवायचं तर बिल हजारांत जातं, कारण शेड जुळवण्यासाठी पेंटर सहसा पूर्ण पॅनेल रंगवतो. विम्यावर भिस्त ठेवू नका: गंज ही झीज मानली जाते, त्यामुळे भरपाई मिळत नाही. दगडाच्या टवक्यासाठी क्लेम केला तर नो क्लेम बोनस जाऊ शकतो.

घरी केलेलं टचअप जवळून पाहिलं तर ओळखू येतं. पण गंज पूर्ण निघाला असेल, तर पत्रा वाचतो.