नोटेची हद्द : कागदी चलनाचे एकीकरण आणि भंडारा जिल्हा (१८६१-१९१७)

प्रस्तावना :
देशाची नोट देशभर चालते, हे आज आपण गृहीत धरतो. परंतु सरकारी नोटा आरंभीची चार दशके या अर्थाने ‘देशाच्या’ नव्हत्या. प्रस्तुत लेखात या स्थितीचा विचार भंडारा जिल्ह्याच्या संदर्भात केला आहे.

चलन मंडळे :
इ. स. १८६१ च्या कागदी चलन कायद्याने नोटा काढण्याचा अधिकार सरकारकडे आला. त्याच वर्षी स्थापन झालेल्या मध्य प्रांतात भंडारा जिल्ह्याचा समावेश झाला. नोटांसाठी देशाची चलन मंडळांत विभागणी करण्यात आली. कलकत्ता, मुंबई व मद्रास या मुख्य केंद्रांना जोडून पुढे जी उपकेंद्रे निघाली, त्यांत नागपूर व अकोला ही होती. अन्य मंडळाच्या नोटेचे रुपये देण्याचे बंधन नागपूरच्या कार्यालयावर नव्हते. व्यापाराच्या ओढीनुसार चांदी देशभर हलविण्याचा खर्च व धोका सरकारला टाळावयाचा होता.

रेल्वे आणि नोट :
१८९१ पर्यंत बंगाल-नागपूर रेल्वेचा मार्ग नागपूरहून आसनसोलपर्यंत पोहोचला. भंडारा रोड, तुमसर रोड व गोंदिया ही स्थानके याच मार्गावरील. जिल्ह्यातील माल आता मंडळाची सीमा सहज ओलांडू लागला. नोटेला मात्र ती आडवी येत होती. ही विसंगती टप्प्याटप्प्याने दूर झाली. १९०३ मध्ये पाच रुपयांची नोट ब्रह्मदेश वगळता सर्वत्र वटू लागली. १९१० मध्ये दहा व पन्नासची आणि १९११ मध्ये शंभरची नोट सार्वत्रिक झाली.

तथापि दहा रुपये ही रक्कमच शेतमजुराच्या महिन्याच्या मजुरीहून अधिक होती. त्याच्या व्यवहाराच्या आवाक्यातील एक रुपयाची नोट १९१७ मध्ये निघाली. तीही महायुद्धकाळात चांदीचा तुटवडा पडल्यामुळे.

निष्कर्ष :
रेल्वेने बाजारपेठ जोडल्यावरही नोटेला एकरूप होण्यास आणखी दोन दशके लागली. कागदाला मूल्य देते ते त्यावरील वचन, आणि त्या वचनाला त्या काळी स्थळाची मर्यादा होती. १९४६, १९७८ व २०१६ च्या निश्चलनीकरणांनी त्याला काळाचीही मर्यादा असू शकते, हे दाखवून दिले. म्हणूनच चलनाचा इतिहास टांकसाळीइतकाच, नोट हाती घेणाऱ्याच्या बाजूनेही अभ्यासणे आवश्यक ठरते.