ओंडका, हत्ती आणि ऑयलरचा 2

गडचिरोली जिल्ह्यातील कमलापूरच्या वनविभागाच्या हत्तींकडे पूर्वी तोडलेल्या सागाचे ओंडके ओढण्याचे काम असे. हत्ती ओढतो तोवर ओंडका सरकतो, हत्ती थांबला की ओंडकाही थांबतो. चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलपट्ट्यातील एखाद्या मुलाने यावरून ‘बलामुळे वेग मिळतो, बल काढले की वेग जातो’ असे लिहिले, तर आपण त्यावर लाल फुली मारतो. हीच फुली ॲरिस्टॉटलच्याही उत्तरावर पडते. इ.स.पू. चौथ्या शतकात त्यानेही जवळपास हेच म्हटले होते आणि पुढे सुमारे दोन हजार वर्षे बहुतेक विद्वानांना ते पटत होते. पटणारच! ओंडका दुसरे काही दाखवतच नाही.

अडचण आली ती फेकलेल्या भाल्याची. हात सुटल्यावर त्याला कोण ढकलते? मागची हवा, असे ॲरिस्टॉटलचे स्पष्टीकरण. सहाव्या शतकात अलेक्झांड्रियाच्या फिलोपोनसला आणि चौदाव्या शतकात पॅरिसच्या बुरिदानला ते मान्य झाले नाही. 1638 साली गॅलिलिओने उतारावरून घरंगळणाऱ्या गोळ्यांचा हिशेब मांडला: अंतर वेळेच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. म्हणजे उतारावर वेग एकसारखा वाढत जातो. वेग टिकवायला नव्हे, तर बदलायला कारण लागते, हा विचार येथून बळावला.

आता ओंडक्याकडे पुन्हा पाहू. समजा, त्याचे वस्तुमान 1000 किलोग्रॅम आहे आणि सरकताना जमिनीचे घर्षण 5000 न्यूटन आहे. हत्तीने 6000 न्यूटन बल लावले, तर उरलेले 1000 न्यूटन त्वरण देतात: दर सेकंदाला 1 मीटर प्रतिसेकंद. वेग आल्यावर हत्ती 5000 न्यूटनवर आला, की ओंडका एकसमान वेगाने जातो आणि निव्वळ बल शून्य असते. मुलाला हत्तीचे बल दिसते, घर्षणाचे दिसत नाही. सगळा घोटाळा तिथे आहे.

आपण फळ्यावर ‘बल = वस्तुमान × त्वरण’ लिहितो आणि खाली न्यूटनचे नाव घालतो. न्यूटनच्या 1687 च्या ‘प्रिन्सिपिया’त दुसरा नियम या रूपात नाही. गतीतील बदल लावलेल्या बलाच्या प्रमाणात आणि त्याच्याच दिशेने होतो, एवढेच तो म्हणतो. गती म्हणजे वस्तुमान आणि वेग यांचा गुणाकार, आपला संवेग. त्या विधानात त्वरण नाही, वेळेचा उल्लेखही नाही. बीजगणितापेक्षा भूमितीच्या आकृत्यांवर त्याचा भर होता.

1716 साली याकोब हेर्मानने वस्तुमान, वेगातील बदल आणि काळ यांचा संबंध कलनाच्या भाषेत मांडला. 1750 साली लिओनार्ड ऑयलरने बर्लिनच्या अकादमीपुढे तीन परस्परलंब दिशांसाठी तीन समीकरणे ठेवली आणि हे यामिकीचे नवे तत्त्व असल्याचे सांगितले. ‘प्रिन्सिपिया’नंतर त्रेसष्ट वर्षांनी ‘नवे’! त्याच्या समीकरणात वस्तुमानामागे एक 2 दिसतो. ती चूक नव्हे. त्या काळी एकके ज्या रीतीने निवडत, त्या रीतीमुळे तो येई. 1 किलोग्रॅमला 1 मीटर प्रतिसेकंद वर्ग त्वरण देणारे बल म्हणजे 1 न्यूटन, हे नाव तर 1948 साली आंतरराष्ट्रीय परिषदेत स्वीकारले गेले.