गाडी सोडून गेलेला माणूस



जुलैची शाळेची सुट्टी जवळ आली की केलीव्हिल, रूझ हिल, कॅसल हिल या आपल्या भागातल्या मराठी घरांमध्ये एक बेत हमखास शिजतो. 'यंदा मुलांना बर्फ दाखवायचा.' भारतातून आजी-आजोबा आलेले असतील तर मग विचारायलाच नको. पहाटे डबे भरायचे, एम सेव्हनने ह्यूम हायवेला लागायचं, गोलबर्न, कॅनबेरा, कूमा करत दुपारपर्यंत जिंडाबाइन. पुढे पेरिशर नाहीतर थ्रेडबो.

आपण मुळात उन्हाची माणसं. आपल्या भाषेत गोळेवाल्याच्या गाडीवरचा, फ्रीजमधला आणि आभाळातून पडणारा, तिन्ही बर्फच. महाराष्ट्रात कुणाच्या आजोबांनी 'बर्फ पडायला लागला तर काय करायचं' हे नातवाला शिकवलेलं नाही, कारण तशी वेळच आली नाही. म्हणून आजच्या भागात इतिहासातल्या काही घटना पाहू. बर्फात, आणि एकदा वाळवंटात, माणसं अडकली. त्यांच्यापुढे एकच प्रश्न होता : इथेच थांबायचं, की मदत आणायला निघायचं?

सुरुवात या विषयातल्या सर्वांत गाजलेल्या घटनेपासून करू. साल २००६, अमेरिका. जेम्स किम हा पस्तीस वर्षांचा माणूस सॅन फ्रान्सिस्कोत तंत्रज्ञानावर लिहिणाऱ्या सीनेट या संस्थेत संपादक होता. थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीत तो बायको आणि दोन मुलींना घेऊन सिअ‍ॅटलला गेला होता. मोठी मुलगी चार वर्षांची, धाकटी सात महिन्यांची. परतताना २५ नोव्हेंबरला ते ऑरेगन राज्यातल्या पोर्टलंडहून निघाले. रात्री समुद्रकाठच्या गोल्ड बीच गावाजवळ मुक्काम करायचा होता. हायवेवरून किनाऱ्याकडे वळणारा नेहमीचा रस्ता चुकला. नकाशात पुढे आणखी एक रस्ता डोंगर ओलांडून थेट किनाऱ्याला जाताना दिसत होता. बेअर कॅम्प रोड त्याचं नाव. त्यांनी तो धरला.

नकाशावर तो रस्ता इतर रस्त्यांसारखीच एक रेघ होता. प्रत्यक्षात तो हिवाळ्यात बर्फाखाली जाणारा अरुंद घाटरस्ता. वर चढल्यावर बर्फ लागला. अंधारात, बर्फ चुकवण्याच्या नादात, गाडी एका फाट्यावरून लाकूडतोडीसाठी बनवलेल्या जंगलवाटेवर गेली. बऱ्याच अंतरानंतर ते थांबले. रात्रीत आणखी बर्फ पडला, आणि गाडी तिथेच अडकली.

पुढचा आठवडा या कुटुंबाने जे केलं ते बहुतेक सगळं बरोबर होतं. ते गाडीतच राहिले. पेट्रोल असेपर्यंत इंजिन चालवून ऊब घेतली. मग लाकडं, मासिकं आणि शेवटी गाडीची टायरं जाळली. टायरचा काळा धूर दुरून दिसेल ही आशा. जवळचं खाणं संपत आलं तेव्हा आईने दोन्ही मुलींना अंगावर पाजून जगवलं. मोबाइलला सिग्नल नव्हता.

असे सात दिवस काढल्यावर, २ डिसेंबरच्या सकाळी, जेम्स मदत आणायला पायी निघाला. दुपारपर्यंत परत येतो असं सांगून गेला.

दोन दिवसांनी, ४ डिसेंबरला, एका खाजगी हेलिकॉप्टरच्या चालकाला खाली छत्री हलवणारी बाई दिसली. आई आणि दोन्ही मुली जिवंत होत्या. जेम्सचा मृतदेह ६ डिसेंबरला बिग विंडी क्रीक या ओढ्याच्या घळीत सापडला. थंडीने शरीर गारठून मृत्यू, असं निदान झालं. तो सोळा मैल, म्हणजे सुमारे पंचवीस किलोमीटर चालला होता. आधी रस्त्याने गेला, मग ओढ्याच्या कडेने खाली उतरला. ओढा नदीला मिळतो आणि नदीकाठी माणसं भेटतात, हा हिशोब जगात कुठेही लोक करतात. आपल्या सह्याद्रीतही वाट चुकलेला माणूस हेच करतो, आणि तिथेही असाच कड्यावर नाहीतर धबधब्याच्या तोंडाशी येऊन अडकतो. पाणी उतरतं तिथून माणसाला उतरता येईलच असं नाही.

ही बातमी वाचून तेव्हा अनेकांनी एकच निष्कर्ष काढला : गाडी सोडायला नको होती. गाडीजवळ राहिलेले तिघे वाचले, सोडून गेलेला वाचला नाही. निष्कर्ष खरा आहे, पण अर्धा. तो अर्धा का, ते कळण्यासाठी त्याच रस्त्यावरची बारा वर्षांपूर्वीची घटना पाहावी लागते.

नोव्हेंबर १९९४. माँटाना राज्यातला एक फिरता विक्रेता आपल्या ट्रकमधून याच बेअर कॅम्प रोडने निघाला आणि बर्फात अडकला. त्याने गाडी सोडली नाही. तो थांबला. दिवस मोजत, घरच्यांना पत्रं लिहीत, देवावर भरवसा ठेवून सुमारे नऊ आठवडे थांबला. कुणीही आलं नाही. तो ट्रकमध्येच भुकेने गेला. बर्फ वितळल्यावर, मे महिन्यात, त्याचा पत्ता लागला.

एकाच रस्त्यावर एक जण निघाला म्हणून गेला, दुसरा थांबला म्हणून. मग नियम काय समजायचा?

दोघांमधलं साम्य पाहा. दोघेही त्या रस्त्याने गेले आहेत हे जगात कुणालाच माहीत नव्हतं. किम कुटुंबाचा शोध सुरू झाला तोही उशिरा, जेम्स कामावर परतला नाही तेव्हा. मुक्कामाच्या ठिकाणी पाहुणे पोहोचले नाहीत म्हणून कुणी पोलिसांना फोन करत नाही. शोध सुरू झाल्यावरही, दोन राज्यांतल्या शेकडो मैलांच्या रस्त्यांपैकी कुठे पाहायचं? दिशा मिळाली ती एका लहान मोबाइल कंपनीतल्या दोन अभियंत्यांमुळे. त्यांनी नोंदी चाळल्या आणि अडकण्याच्या रात्री किम यांच्या फोनला क्षणभर सिग्नल मिळून दोन संदेश पोहोचल्याचं शोधून काढलं. कोणत्या टॉवरवरून, हेही कळलं. तेव्हा कुठे शोध बेअर कॅम्पकडे एकवटला. जेम्सच्या वडिलांनी नंतर वर्तमानपत्रात लेख लिहून मागणी केली की, माणूस बेपत्ता झाला तर त्याच्या फोनच्या आणि क्रेडिट कार्डच्या नोंदी कुटुंबाला लवकर मिळाव्यात. मुलगा गेल्यावर हे लिहायला बसलेल्या त्या बापाचा मुद्दा साधा होता. शोधणाऱ्याला जागा कळली, तरच थांबणाऱ्याच्या थांबण्याला अर्थ आहे.

आता आपल्या देशात येऊ. ऑस्ट्रेलियात 'गाडीजवळ थांबा' हा धडा शिकवला तो उन्हाने. डिसेंबर १९६३ मध्ये पेज नावाचं पाच जणांचं कुटुंब, आईवडील आणि तीन मुलगे, दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या बर्ड्सव्हिल ट्रॅकवर अडकलं. इंग्लंडहून इथे स्थायिक व्हायला आलेली माणसं. पेट्रोल संपलं, पाणी दोन दिवसांपुरतं. तशी चिठ्ठी गाडीवर ठेवून ते पायी निघाले. पाचही जण वाळवंटात गेले. आजही आउटबॅकमधल्या प्रवासाच्या सूचनांमध्ये पहिलं वाक्य 'गाडी सोडू नका' हेच असतं. वरून शोधणाऱ्याला गाडी दिसते, माणूस दिसत नाही.

पेज कुटुंब आपल्यासारखंच परदेशातून आलेलं होतं. ते धाडसी नव्हते आणि मूर्ख तर अजिबात नव्हते. ज्या देशात वाढले तिथल्या हिशोबाने त्यांनी या जमिनीवर निर्णय घेतला. 'थोडं पुढे गेलं की कुणीतरी भेटेलच' हा इंग्लंडमधला हिशोब, आणि महाराष्ट्रातलाही. आपल्याकडे गाडी बंद पडली की दहा मिनिटांत चार माणसं जमतात, पाचवा चहा सांगतो. त्या सवयीचा भरवसा घेऊन आपण इथल्या रिकाम्या रस्त्यांवर उतरतो.

आणि आता ज्या बर्फाकडे आपण दरवर्षी जातो तिथे. कोझियस्को, उंची २२२८ मीटर, ऑस्ट्रेलियाच्या मुख्य भूमीवरचं सर्वोच्च शिखर. ऑगस्ट १९२८ मध्ये लॉरी सीमन आणि इव्हान हेज हे दोन तरुण तिथे स्कीवर निघाले होते. हिमवादळ आलं आणि दोघेही परतले नाहीत. सीमनचा मृतदेह काही आठवड्यांनी सापडला. तो साथीदाराची वाट पाहत थांबला असावा, असं मानलं जातं. हेजचे अवशेष सापडायला त्याहून कितीतरी अधिक काळ गेला. सीमनच्या आईवडिलांनी पैसे दिले आणि १९२९ मध्ये मुलगा गेला त्या जागेजवळ एक दगडी झोपडी उभी राहिली. ती आजही आहे, शार्लट पासहून शिखराकडे जाणाऱ्या जुन्या रस्त्यावर, सुमारे दोन हजार मीटरवर. म्हणजे आपल्या कळसूबाईच्या माथ्याहूनही उंच. १९७० च्या दशकापर्यंत या रस्त्याने गाड्या थेट शिखराजवळ जायच्या. आता उन्हाळ्यात लोक तिथे चालत जातात. तुमच्यातले बरेच जण सीमन्स हटच्या पायरीवर बसून डबा खाऊन आले असतील. ती झोपडी मुक्कामासाठी नाही, फक्त संकटात सापडलेल्यासाठी आहे. पोटचा मुलगा गेलेल्या आईवडिलांनी अनोळखी लोकांच्या मुलांसाठी केलेली ती सोय आहे.

ओळखीच्या डोंगरावर असं होतंच कसं, असं वाटेल. वादळात जमीन आणि आभाळ एकाच पांढऱ्या रंगाचं होतं, चढ-उतारही कळत नाही. आपल्याकडे रानात 'चकवा लागतो' म्हणतात, माणूस चालत राहतो आणि फिरून त्याच जागी येतो. ही नुसती भुताटकी नाही. जर्मनीतल्या माक्स प्लांक संस्थेच्या संशोधकांनी २००९ मध्ये हे माणसांवर तपासून पाहिलं. सूर्य किंवा चंद्र दिसत असेल तर लोक बऱ्यापैकी सरळ चालले. ढगाळ जंगलात मात्र ते गोल फिरले आणि तसं होतंय हे त्यांना कळलंही नाही. त्यात थंडीची भर घाला. शरीराच्या आतलं तापमान ३५ अंशांखाली गेलं की आधी कुडकुडणं, मग जीभ जड होणं, मग विचार गोंधळणं. शेवटी काहींना उकडल्यासारखं वाटून ते अंगावरचे कपडे काढतात. निर्णय घेणारं डोकंच आधी गारठतं. म्हणून निर्णय घरी असतानाच करून ठेवायचा.

थांबण्यातही धोके आहेत. जानेवारी २०२२ मध्ये पाकिस्तानातल्या मरी या थंड हवेच्या ठिकाणी बर्फ पाहायला इतकी गर्दी झाली की हजारो गाड्या रस्त्यात अडकल्या, आणि वीसहून अधिक माणसं गाड्यांमध्येच गेली. थंडी होतीच. शिवाय बर्फाने धुरांडं बुजलं आणि इंजिन चालू राहिलं, तर कार्बन मोनॉक्साइड आत साठतो. त्याला वास नसतो. झोप लागते, ती लागूनच राहते.

म्हणून निघण्यापूर्वी एवढं करा. कोणत्या रस्त्याने जाणार, किती वाजता पोहोचणार आणि किती वाजेपर्यंत फोन आला नाही तर पोलिसांना कळवायचं, हे एका माणसाला सांगून जा. सिडनीतल्याच माणसाला. पुण्यातल्या आईला नको. ती काळजी करेल, पण ट्रिपल झीरोला फोन करू शकणार नाही. गाडीत पांघरुणं, पाणी, कोरडं खाणं, टॉर्च आणि एक छोटं फावडं ठेवा. जून लाँग वीकेंडपासून ऑक्टोबर लाँग वीकेंडपर्यंत कोझियस्को राष्ट्रीय उद्यानातल्या बर्फाच्या रस्त्यांवर टू-व्हील-ड्राइव्ह गाडीत चेन बाळगणं बंधनकारक आहे. ती चढवायचा सराव घराच्या ड्राइव्हवेवर करा. डिझेल गाडी असेल तर वर पोहोचण्याआधी अल्पाइन डिझेल भरा. साधं डिझेल थंडीत गोठायला लागतं. गाडी सोडून पायी भटकंतीला जाणार असाल तर न्यू साउथ वेल्सची राष्ट्रीय उद्यानं आपत्कालीन बीकन मोफत वापरायला देतात, तो जरूर घ्या. आणि अडकलातच, तर गाडीजवळ राहा. इंजिन थोडा थोडा वेळच चालवा, त्याआधी उतरून धुरांड्याभोवतीचा बर्फ काढा आणि एक खिडकी बोटभर उघडी ठेवा.

जेम्स किमला दोष देणं सोपं आहे. सात दिवस मुलींकडे पाहत बसलेला बाप आठव्या दिवशी उठून चालायला लागला. त्याच्या जागी आपल्यापैकी कितीजण बसून राहिले असते? जवळच एक लॉज होतं, हिवाळ्यासाठी बंद केलेलं, पण आत शिधा होता. त्याला ते ठाऊक नव्हतं. तो जितका चालला त्याहून कितीतरी कमी चालून तिथे पोहोचता आलं असतं.

मराठीत वाट म्हणजे रस्ता, आणि वाट पाहणं म्हणजे कुणाच्या तरी येण्याकडे डोळे लावून बसणं. बर्फात अडकलेल्याला दुसऱ्या वाटेचा आधार मोठा असतो. तुम्ही कुठल्या रस्त्याने गेलात हे ठाऊक असलेलं, घड्याळाकडे पाहणारं एक माणूस मागे ठेवा आणि मगच निघा.

सुट्टी मजेत घालवा, मुलांना बर्फात मनसोक्त लोळू द्या. आणि पोहोचल्यावर फोन करा. पुढच्या भागात भेटूच. नमस्कार.